गाठ हाताला लागते तेव्हा ती नवी नसते

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी चोपडा तालुक्यात ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवतो. आमच्याकडे कॅन्सरबद्दल दोन वाक्यं कायम कानावर पडतात, ओट्यावर, लग्नाच्या पंगतीत, एसटीत, कुठेही. पहिलं, "गाठले सुई लावू नका, पसरी जाई," म्हणजे तपासणीसाठी गाठीत सुई घालून पेशी काढल्या की कॅन्सर पसरतो. दुसरं, "दुखत नही ना, मंग दवाखानामा कसाले जावानं?" शिकलेली, नोकरीवाली माणसं पण हेच म्हणतात. या दोन वाक्यांपायी लोक चार-चार सहा-सहा महिने घालवतात आणि त्या महिन्यांत शरीरात नेमकं काय चाललेलं असतं हे त्यांना कुणी सरळ मराठीत सांगितलेलंच नसतं, म्हणून हे पत्र लिहितोय. थोडं मोठं झालंय, पण जमलं तर पूर्ण छापा.

मुळात पेशी दुप्पट होणं हा आजार नाहीये. आपण सगळेच एका पेशीपासून सुरू झालो, एकाच्या दोन, दोनाच्या चार असं होत होत मोठ्या माणसात साधारण ३७ लाख कोटी पेशी होतात. मोठं झाल्यावर पण हे काम थांबत नाही. हाडांच्या मगजात दर सेकंदाला वीस लाखांच्या वर लाल पेशी नव्या बनतात, आतड्याचं आतलं अस्तर चार-पाच दिवसांत बदलून जातं, विळा लागून बोट कापलं तर कातडीच्या पेशी वाढून जखम भरते. आणि जखम भरली की त्या थांबतात. या थांबण्याकडे आपलं कुणाचं लक्ष जात नाही, पण कॅन्सरमध्ये बिघडतं ते नेमकं हेच.

अकरावीच्या प्रॅक्टिकलला आम्ही कांद्याच्या मुळाची स्लाइड करतो. कांदा पाण्याच्या ग्लासवर ठेवायचा, दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं फुटतात, त्याचं अगदी टोक कापून ॲसिडमध्ये थोडं गरम करायचं, ॲसिटोकार्मिनचा लाल रंग द्यायचा आणि कव्हरस्लिप ठेवून अंगठ्याने हळूच दाबायचं. मायक्रोस्कोपमध्ये बघितलं की बहुतेक पेशी शांत दिसतात, मधूनच एखादीत लाल धागे (म्हणजे डीएनएची गुंडाळलेली गुणसूत्रं) मधोमध रांगेत लागलेले, दुसरीत ते धागे दोन बाजूंना ओढले जाताना. मुलांना हे बघून खरंच आनंद होतो. पण मी त्यांना मुद्दाम तेच मूळ थोडं वरून कापून दुसरी स्लाइड करायला लावतो. तिथे एकही पेशी दुप्पट होताना सापडत नाही, नुसत्या लांबट झालेल्या पेशी. म्हणजे एकाच मुळात, काही मिलिमीटरच्या अंतरावर, टोकाच्या पेशींना वाढायची परवानगी आहे आणि वरच्यांना नाही, आणि त्या ते पाळतात. आपल्या रावेर-यावलच्या शेतकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, टिश्यू कल्चरचं केळीचं रोप असंच तर तयार होतं, बाटलीत ठराविक हार्मोन दिलं की कोंब वाढत जातात, हार्मोन बदललं की वाढ थांबून मुळं फुटतात. जिवंत पेशी हुकूम ऐकते.

हा हुकूम कसा चालतो ते शोधायला शास्त्रज्ञांना बरीच वर्षं लागली. लेलँड हार्टवेल यांनी पाव फुगवायला वापरतात त्या यीस्टवर काम केलं, पॉल नर्स यांनी दुसऱ्या जातीच्या यीस्टवर, टिम हंट यांनी समुद्रातल्या सी अर्चिन नावाच्या प्राण्याच्या अंड्यांवर, आणि तिघांना मिळून २००१ चं नोबेल मिळालं. त्यातून कळलं ते असं की पेशी दुप्पट होण्याआधी मध्ये मध्ये तपासणी होते. डीएनएची नक्कल काढण्याआधी एकदा बघितलं जातं की डीएनए धड आहे का, नक्कल झाल्यावर परत, आणि धागे दोन बाजूंना ओढण्याआधी सगळे नीट रांगेत लागलेत का हे पण. प्रत्येक वेळी जवळजवळ ६०० कोटी अक्षरांची नक्कल होते, त्यात चुका होणारच, बहुतेक तिथल्या तिथे दुरुस्त होतात. नाही झाल्या तर पी५३ नावाचं एक प्रोटीन विभाजन थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं, आणि नुकसान फारच मोठं असेल तर ती पेशी स्वतःला संपवून टाकते. रोज आपल्या अंगात अशा किती पेशी गुपचूप मरतात आणि आपण वाचतो, हे मला आजही शिकवताना फार मोठं वाटतं. हत्तीचं शरीर एवढं मोठं, पेशी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, तरी त्याला कॅन्सर कमी होतो आणि त्याच्याकडे या पी५३ च्या जीनच्या २० जोड्या आहेत, माणसाकडे एकच जोडी, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं.

आता बिघाड कसा होतो ते. काही जीन वाढ सुरू करणारे असतात, काही थांबवणारे. सुरू करणाऱ्यांपैकी रास नावाचा जीन बिघडला तर पेशीला बाहेरून कुणीही सांगितलेलं नसताना आतून सारखं 'वाढ, वाढ' चालू राहतं. थांबवणाऱ्या जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून एक वडिलांकडून, साधारणपणे दोन्ही गेल्या की मग थांबवणारं कुणी उरत नाही, हे आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्यांच्या कॅन्सरवरून मांडलं. पी५३ चा जीन तर माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये बिघडलेला सापडतो. पण एका बिघाडाने सहसा भागत नाही. एक चूक आज, दुसरी आठ वर्षांनी, तिसरी अजून पुढे, असे अनेक बिघाड एकाच पेशीच्या वंशात साठतात तेव्हा ती पेशी थांबत नाही, मरत नाही, स्वतःसाठी रक्तवाहिन्या ओढून घेते आणि जागा सोडून दुसरीकडे जाते. म्हणून बहुतेक कॅन्सर उतारवयात दिसतात. आणि म्हणूनच "परवापर्यंत तर चांगला होता" असं आपण म्हणतो तेव्हा आतलं काम कित्येक वर्षांचं असतं.

इथे एक गोष्ट घाईत सांगून टाकतो कारण त्यावरून लोकांची लग्नं मोडताना बघितलीयेत. हे बिघाड बहुतेक वेळा त्या माणसाच्या आयुष्यात, त्याच्या एखाद्या अवयवातल्या पेशीत झालेले असतात, ते पोरांना जात नाहीत. जन्मतः घराण्यातून आलेल्या बिघाडामुळे होणारे कॅन्सर शंभरात पाच ते दहाच. आणि कॅन्सर पेशंटच्या ताटात जेवल्याने, त्याच्याजवळ झोपल्याने तो कुणाला लागत नाही. मुलीच्या आईला कॅन्सर होता एवढ्यावरून स्थळ नाकारणं हा त्या मुलीवर अन्याय आहे, मला दुसरा शब्द सापडत नाही.

आणि प्रत्येक गाठ कॅन्सर नसते हे पण तेवढंच खरं. चरबीची गाठ, गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी, तरुण मुलींच्या स्तनातली सरकणारी फायब्रोॲडिनोमाची गाठ, यात पण पेशी जास्त वाढलेल्याच असतात पण त्या आपल्या जागेवर राहतात, शेजारच्या भागात घुसत नाहीत, रक्तातून लांब जात नाहीत. झाडांना पण गाठी येतात, बॅक्टेरियामुळे खोडावर गोळे होतात, पण झाडाच्या पेशी भिंतीत बंद असल्यामुळे त्या एका फांदीवरून दुसरीवर पसरत नाहीत. आपल्या पेशींना तशी भिंत नाही. तेव्हा गाठ कुठली आहे हे बोटाने दाबून किंवा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून ठरत नाही, पेशी बघूनच ठरतं.

आता त्या सुईवर येतो. साधा हिशोब करा. एका पेशीपासून सुरुवात, दहा वेळा दुप्पट झाली की १,०२४. वीस वेळा झाली की साडेदहा लाख, अजून पण हाताला लागत नाही. तीस वेळा झाली की १०७ कोटी, तेव्हा कुठे साधारण एक सेंटिमीटरची, म्हणजे हरभऱ्याएवढी गाठ होते आणि हाताला लागते. यापुढे फक्त दहा वेळा दुप्पट झाली तर वजन किलोच्या घरात जातं, एवढं शरीर सहसा सहन करत नाही. म्हणजे चाळीस पायऱ्यांमधल्या तीस तर गाठ सापडायच्या आधीच चढून झालेल्या असतात! एका दुपटीला किती वेळ लागतो ते कॅन्सरच्या प्रकारावर आहे, काहींना आठवडे, स्तनाच्या बऱ्याच गाठींना काही महिने, शिवाय मध्ये मध्ये पेशी मरत पण असतात, त्यामुळे प्रत्यक्षात हे इतकं सरळ चालत नाही, पण अंदाज यायला हिशोब पुरेसा आहे. आता मला सांगा, कित्येक वर्षं वाढत आलेली गाठ, तिला या महिन्यात सुई लावली आणि पुढच्या महिन्यात लिव्हरमध्ये डाग दिसले, तर ते डाग सुईने महिन्याभरात केले का? ते आधीच गेलेले होते, फक्त सोनोग्राफी आत्ता झाली. सुईच्या वाटेवर पेशी राहिल्याची उदाहरणं वैद्यकात आहेत पण ती अगदी क्वचित, डॉक्टरांना ती माहीत असतात आणि पुढच्या ऑपरेशनमध्ये ती वाट धरूनच काढता येते. अंडकोषासारख्या काही ठिकाणच्या गाठीला तर ते मुद्दाम सुई लावतच नाहीत, सरळ ऑपरेशन करतात. म्हणजे हा विचार त्यांनी आपल्या आधी केलेला आहे.

सुईने किंवा छोटा तुकडा काढून जे मिळतं ते पॅथॉलॉजिस्ट काचेवर घेऊन बघतो, आमच्या कांद्याच्या स्लाइडसारखंच, रंग वेगळे. एका ठराविक जागेत किती पेशी विभाजनाच्या मध्यावर पकडल्या गेल्यात ते काही गाठींमध्ये चक्क मोजतात. पेशी मूळ अवयवासारख्या दिसत असतील तर रिपोर्टमध्ये 'वेल डिफरन्शिएटेड' लिहितात, ओळखू न येण्याइतक्या बदलल्या असतील तर 'पूअरली', आणि त्यावरून पुढचं औषध ठरतं. तो कागद हातात नसताना उपचार करणं म्हणजे अंदाजाने औषध देणं.

न दुखण्याचं पण असंच. वाढणाऱ्या पेशी स्वतः दुखत नाहीत. गाठ नसेवर दाबते, हाडात जाते, वरून फुटते तेव्हा दुखतं, म्हणजे उशिरा. दुखत नाही ही त्यातली चांगली बातमी धरून बसू नका.

आता आपल्या खान्देशातला सगळ्यात मोठा प्रश्न, तोंड. भारतात पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सगळ्यात पुढे आहे आणि त्याचं कारण खिशात असतं. तंबाखूतली नायट्रोसमाइन नावाची रसायनं डीएनएला जाऊन चिकटतात, दुरुस्ती व्हायच्या आत पेशी दुप्पट झाली तर चुकीचं अक्षर कायमचं होऊन बसतं. चुना गालाच्या अस्तराला पोळतो, ते भरून काढायला तिथल्या पेशी नेहमीपेक्षा जास्त वेळा दुप्पट होतात, म्हणजे एकीकडे चुका करणारं रसायन आणि दुसरीकडे जास्त विभाजन, दोन्ही एकाच जागी, दाढेजवळ, दिवसातून दहा वेळा, वीस-वीस वर्षं. मिसरी लावणाऱ्या बायांचं तेच. "मी तंबाखू खात नाही, साधी सुपारी खातो" म्हणणाऱ्यांना सांगायचंय की जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसती सुपारी पण माणसात कॅन्सर करणारी म्हणून पहिल्या गटात टाकलीये. सुपारीने गालाच्या आत घट्ट पट्टे तयार होतात आणि तोंड उघडायचं कमी होतं. आपल्या राज्यात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे आणि टपरीवर तो मिळतो, हे पोलिसांना मी सांगायची गरज नाही.

प्रॅक्टिकल झाल्यावर मी वर्गात मुलांना म्हणतो, तीन बोटं उभी करून तोंडात घाला, सहज जायला पाहिजेत. सगळे हसत हसत करतात. मागे एकदा मागच्या बाकावरच्या दोघांची दोनच बोटं गेली. सतरा वर्षांची पोरं. त्यातल्या एकाला सुपारी सातवीपासून होती, त्याच्या घरी कुणालाच हे विचित्र वाटलं नव्हतं, तिखट लागलं की तोंडाची आग होते म्हणून तो भाजी वरणात कालवून खायचा आणि आईला वाटायचं पोरगं लाडावलंय. तिखट न सोसणं हे गालातल्या त्या पट्ट्यांच्या आजाराचं अगदी सुरुवातीचं लक्षण आहे. त्याच्या वडिलांना बोलावून दाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं, सुपारी सुटली, पट्टे पूर्ण जात नाहीत पण पुढचं थांबतं. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही असेल तर कृपा करून मलम लावत बसू नका.

बायांचं सांगायचं तर गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये या विभाजनाची गोष्ट सगळ्यात स्वच्छ दिसते. एचपीव्ही नावाचा व्हायरस पेशीत शिरून दोन प्रोटीन बनवतो, एक पी५३ ला संपवतं, दुसरं आरबी नावाच्या थांबवणाऱ्या प्रोटीनला बांधून टाकतं. बहुतेकींच्या शरीरातून हा व्हायरस वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, ज्यांच्यात राहतो त्यांच्यातल्या काहींना पंधरा-वीस वर्षांनी कॅन्सर होतो. पंधरा वर्षं म्हणजे केवढा मोठा वेळ मिळतो पकडायला! आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, १ लाख ३१ हजार बायांवर अभ्यास झाला, २००९ मध्ये तो छापून आला, एकदाच एचपीव्हीची टेस्ट केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आता पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक लस पण आहे, मुलींना ९ ते १४ वयात दिलेली सगळ्यात चांगली. मुलीला लस कशाला, असं विचारणाऱ्या पालकांना मी हेच सांगतो, व्हायरस यायच्या आधी दिली तरच तिचा पूर्ण उपयोग.

केमोची भीती पण याच हिशोबाने थोडी कमी होईल असं मला वाटतं. केमोची बरीचशी औषधं वेगाने दुप्पट होणाऱ्या पेशींना मारतात, मग ती पेशी कॅन्सरची असो की केसाच्या मुळाची, आतड्याच्या अस्तराची की हाडाच्या मगजाची. म्हणून केस जातात, उलट्या-जुलाब होतात, पांढऱ्या पेशी कमी होऊन ताप येतो. केस गेले म्हणजे माणूस चालला असं नाही, केसाच्या मुळाच्या पेशी परत कामाला लागतात, केस परत येतात. आपल्या अंगणातली सदाफुली आहे ना, तिच्यापासून व्हिन्क्रिस्टिन काढलं, पेशीतले ते लाल धागे ओढणाऱ्या दोऱ्याच हे औषध तयार होऊ देत नाही, म्हणून विभाजन मध्येच अडकतं. लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये १९६० च्या दशकापासून ते वापरतात. पण म्हणून सदाफुलीची पानं उकळून पिऊ नका, काही घरांत डायबेटिसला पण पितात, ती विषारी आहेत, औषध म्हणजे त्यातून वेगळं काढलेलं आणि शिरेतून मोजून दिलेलं.

संपादक साहेब, हे सगळं पुस्तकात आहे. अकरावीला पेशी विभाजन, बारावीला कॅन्सर. पण दोन वेगवेगळे धडे, दोन वेगवेगळी वर्षं, वर सायन्स सगळं इंग्रजीत, पोरगं प्रोफेज-मेटाफेज घडाघडा म्हणतं, नीटला चार मार्क घेतं, आणि घरी मिसरी लावणाऱ्या आजीला अहिराणीत त्यातलं एक वाक्य सांगू शकत नाही. सांगायला त्याला कुणी शिकवलेलंच नाही. माझ्या सहकारी शिक्षकांना विनंती आहे की विभाजनाचा धडा शिकवताना कॅन्सर त्याच दिवशी शिकवा, आणि मराठीतून एकदा परत सांगा, परीक्षेला येवो न येवो.

आणि आपल्याकडे दोन मागण्या आहेत. तीस वर्षांच्या वरच्या सगळ्यांची तोंडाची, आणि बायांची स्तनाची व गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट करायचा सरकारचा कार्यक्रम आहे, पण कुठल्या गावात कुठल्या दिवशी हे लोकांना कळत नाही. बाजारभाव जसे रोज छापता तशी तालुक्याच्या पानावर आठवड्यातून एकदा ती यादी छापा. सोबत एवढंच लिहा की निदान झालं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे ऑपरेशन, केमो, रेडिएशन बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. पैशाच्या भीतीने तपासणीच टाळणारी घरं मी बघितली आहेत.

दुसरी मागणी जाहिरातींची. 'गाठ विनाऑपरेशन विरघळेल', 'कॅन्सर मुळापासून, गॅरंटीने' असल्या छोट्या जाहिराती कितीतरी पेपरांत येतात, स्टँडच्या भिंतीवर पण असतात. १९५४ च्या औषधं आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातीला सरळ मनाई आहे, छापणारा पण त्यात येतो. अशा औषधांवर जे तीन-चार महिने जातात त्यात एखादी गाठ एकदा दुप्पट होऊन जाते, कधी दोनदा, आणि स्टेज बदलते. आपला पेपर सकाळी आमच्या गावात चहाच्या टपरीवर दहा जण वाचतात, त्यातले पाच जण गालात पुडी धरून वाचतात. त्यांच्यासाठी एवढं करा.

आपला नियमित वाचक,
एक जीवशास्त्र शिक्षक
ता. चोपडा, जि. जळगाव